सौर शेडखाली ई-रिक्षा : चार्जिंग प्रकल्पाच्या नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२५

ठिकाण : इंदापूर तालुका, ऊसपट्टा, अक्षांश सुमारे १८.१ उत्तर.
वाहनं : प्रवासी ई-रिक्षा (४८ व्होल्ट, १३० अँपिअर-तासाच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या), मालवाहू ई-रिक्षा (५१.२ व्होल्ट, १०५ अँपिअर-तास एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट), तीन ई-सायकली (३६ व्होल्ट लिथियम).

६ जानेवारी — गरज किती

पॅनेल किती लावायचे हे शेवटी ठरवायचं. आधी वाहन किती खातं ते मोजायचं. दोन्ही रिक्षांच्या बॅटरीच्या ऋण बाजूला शंट (प्रवाह मोजायची जोडपट्टी) लावून वॅट-तास मोजणारा मीटर बसवला. भरल्या वजनाने एलएफपी रिक्षा किलोमीटरला ५२ वॅट-तास घेते, लेड-अ‍ॅसिडवाली ५८. फरकाचं एक मोठं कारण वजन आहे. चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या मिळून सव्वाशे किलोच्या आसपास भरतात, तर एलएफपी पॅक पंचेचाळीसच्या.

रोजची धाव प्रत्येकी साठ किलोमीटर धरली. म्हणजे बॅटरीतून एलएफपीचे ३.१ आणि लेड-अ‍ॅसिडचे ३.५ युनिट खर्च होतात. पण भिंतीवरच्या सॉकेटमधून यापेक्षा बरंच जास्त लागतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी घातलेल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांच्या आसपासच परत देते आणि साधा चार्जर आणखी १५ टक्के उष्णतेत घालवतो. त्यामुळे ३.५ चे ५.१ होतात. एलएफपीला ३.७ पुरतात. सायकलींचे ०.९ धरून बेरीज ९.७ युनिट. सारखंच अंतर कापणाऱ्या दोन गाड्यांत दीड युनिटाची तफावत निघाली, आणि ती निव्वळ बॅटरीच्या जातीमुळे.

दुसरी मोजणी वेळेची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. रिक्षा सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सात धावतात. साडेदहा ते अडीच त्या उभ्याच असतात. स्वच्छ दिवशी दिवसाच्या एकूण उत्पादनातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा याच चार तासांत येतो. त्यामुळे शेडवरची साठवण बॅटरी लहान ठेवायची आणि दुपारच्या थांब्यालाच मुख्य चार्जिंग करायचं, असं ठरलं. रात्री चार्ज करायची सवय तशीच ठेवून सौरऊर्जा जोडायला गेलं की सगळं ऊन आधी महागड्या बॅटरीत भरावं लागतं आणि प्रत्येक युनिट दोनदा गाळून घ्यावं लागतं.

आपल्या भागात १ किलोवॅट पॅनेलमागे वर्षाची सरासरी दिवसाला चार ते साडेचार युनिट पडते. ५४० वॅटचे सहा पॅनेल, म्हणजे ३२४० वॅट, यातून दिवसाला सरासरी साडेतेरा-चौदा युनिटची अपेक्षा आहे.

१४ जानेवारी — सावली

डिसेंबर-जानेवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे ४८-५० अंशांवर असतो. सकाळी साडेनऊला तो जेमतेम तीस अंश वर आलेला असतो आणि उंच वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोनपट पडते. त्यामुळे दक्षिण आणि आग्नेय बाजूचे खांब, पाण्याची टाकी, नारळ आत्ताच पाहून घ्यायचे.

उत्तर बाजू मात्र बहुतेक जण विसरतात. १८ अंश अक्षांशावर मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शून्य सावली दिवस मे महिन्यात येतो तो यामुळेच. त्या काळात सूर्य ईशान्येला उगवतो, आणि ईशान्येचा कडुलिंब जूनमधल्या सकाळी पॅनेलवर सावली टाकतो. जानेवारीत त्याचा काही त्रास दिसत नाही. इथल्या कडुलिंबाला धक्का न लावता शेड चार मीटर पश्चिमेला सरकवली.

पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावली कोपऱ्यापुरती राहत नाही. १४४ अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात. एक सेल झाकली की तिच्या गटातला प्रवाह घसरतो किंवा तो गट डायोडवाटे बाजूला पडतो, आणि त्या स्ट्रिंगचा (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा) व्होल्टेज तेवढा कमी होतो. शेजारच्या स्ट्रिंगशी मग तिचं जुळत नाही.

२७ जानेवारी — सांगाडा आणि पाया

कोन १५ अंश ठेवला. अक्षांशाइतका, म्हणजे १८ ठेवला असता तर वर्षाच्या उत्पादनात नाव घेण्यासारखा फरक पडला नसता, वारा मात्र जास्त धरला गेला असता. १० अंशांच्या खाली जायचं नाही, कारण पावसाचं पाणी धूळ वाहून नेत नाही आणि खालच्या फ्रेमपाशी गाळाची पट्टी साचते. पॅनेलची खालची कड जमिनीपासून २.४ मीटरवर. वाहनं खाली उभी राहणार, म्हणजे चार्जिंगच्या वेळी सावलीही मिळेल.

वाऱ्याचा हिशेब : वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५ भाग ३) पुण्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर. दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला ९१२ न्यूटन. सहा पॅनेलचं क्षेत्र १५.५ चौरस मीटर. वर उचलणाऱ्या जोरासाठी गुणक १.२ धरला तर १७ किलोन्यूटन, म्हणजे सतराशे किलोंहून जास्त जोर शेडला वर ओढू पाहतो. पॅनेल आणि सांगाडा मिळून पावणेचारशे किलोही भरत नाहीत, तेव्हा बाकीचं वजन पायानेच द्यायला हवं.

सहा खांबांना ४५० × ४५० × ६०० मिमीचे ठोकळे दिले तर प्रत्येकी २९० किलो होतात आणि हिशेब कसाबसा बसतो. इथली माती काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, ठोकळ्याच्या कडेने फट पडते आणि मातीची पकड शून्य होते. म्हणून मुरूम लागेपर्यंत ९०० मिमी खोल गेलो. ठोकळा ४३५ किलोंचा झाला आणि सुरक्षिततेचा गुणक १.७ मिळाला. काँक्रीट १:१.५:३. होल्डिंग डाऊन बोल्ट साच्यातच धरायचे. नंतर ड्रिल करून केमिकल अँकर घालणं काळ्या मातीतल्या लहान ठोकळ्याला झेपत नाही.

८ फेब्रुवारी — डीसी जोडणी

पॅनेलचे आकडे : ओपन सर्किट ४९.५ व्होल्ट, काम करताना ४१.६ व्होल्ट आणि १३ अँपिअर, शॉर्ट सर्किट १३.९ अँपिअर. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून बॅटरी भरणारा) १५० व्होल्ट कमाल, ७० अँपिअर.

तीन-तीनच्या दोन स्ट्रिंग केल्या तर वायर वाचते, असं प्रत्येकाच्या मनात येतं. तीन पॅनेल ओळीत लावले की २५ अंश सेल्सिअसला १४८.५ व्होल्ट होतात. जानेवारीच्या पहाटे ८ अंशांवर, अंशामागे ०.२७ टक्के वाढ धरली तर १५५. उगवत्या उन्हात पॅनेल हवेइतकाच थंड असतो आणि कंट्रोलरने अजून प्रवाह ओढायला सुरुवात केलेली नसते. नेमक्या त्या मिनिटाला कंट्रोलरचे मॉस्फेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात, आणि जास्त व्होल्टेजने जळालेला कंट्रोलर वॉरंटीत बसत नाही. म्हणून दोन-दोनच्या तीन स्ट्रिंग, थंडीतही १०४ व्होल्टच्या आत.

तीन स्ट्रिंग समांतर आल्या की फ्यूज आलेच. एका स्ट्रिंगमध्ये बिघाड झाला तर उरलेल्या दोघींचा २७.८ अँपिअर तिच्यात उलटा शिरू शकतो आणि पॅनेलवर कमाल फ्यूज २५ अँपिअर लिहिलेला आहे. प्रत्येक स्ट्रिंगला २० अँपिअरचा, सौर डीसीसाठीचा फ्यूज. दोनच स्ट्रिंग असत्या तर ही गरज नव्हती.

वायर : शेड ते खोली १८ मीटर. ४ स्क्वेअर एमएममध्ये पूर्ण प्रवाहाला २ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के पडतात. ६ स्क्वेअर एमएममध्ये १.४ व्होल्ट. ६ घेतली. बॅटरी ते इन्व्हर्टर २५ स्क्वेअर एमएम, लांबी सव्वा मीटरच्या आत, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगत.

डीसी एमसीबीबद्दल (बिघाडात आपोआप पडणाऱ्या स्विचबद्दल) सावध राहायला हवं. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही. एसीचा एमसीबी इथे उघडला तरी आत चाप जळत राहतो आणि डबा पेटतो. डीसी एमसीबीतही काही ध्रुवीय असतात, त्यांवर धन-ऋण खुणा असतात. उलटे जोडले तर आतलं चुंबक ठिणगी बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढतं. खुणा नसलेले, दोन्ही दिशांना चालणारेच घ्यावेत.

एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारे) नर-मादी एकाच कंपनीचे असावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण संपर्क सैल राहतो आणि वर्षाभरात प्लास्टिक वितळतं. क्रिंपिंग पक्कडीने नाही, क्रिंपिंग टूलनेच.

अर्थिंग : सर्व फ्रेम आणि सांगाडा एकाच अर्थला, तडित वाहकाला वेगळा खड्डा, दोन्ही अर्थ जमिनीखाली जोडलेले. रोध ३.८ ओहम आला, ५ च्या आत हवा होता. डीसी बाजूला टाइप २ एसपीडी, म्हणजे विजेची उसळी जिरवणारं उपकरण.

१७ फेब्रुवारी — चालू करण्याचा क्रम

साठवण बॅटरी ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तास एलएफपी, म्हणजे ५.१ युनिट. इन्व्हर्टर ३ केव्हीए, शुद्ध साइन वेव्ह.

आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम उलटला की कंट्रोलरला कोणत्या व्होल्टेजची यंत्रणा आहे हे कळत नाही, आणि काही कंट्रोलर पॅनेलचा व्होल्टेज थेट पुढे सोडतात. क्रम डीबीच्या (वितरण पेटीच्या) दारावर रंगवून घेतला.

सेटिंग : चार्ज ५६.० व्होल्ट (सेलला ३.५०), फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज) ५३.६, तापमान भरपाई शून्य, इक्वलायझेशन (सेल सारख्या करायला दिलेला जादा चार्ज) बंद, प्रवाह मर्यादा ५० अँपिअर, इन्व्हर्टर बंद होण्याची पातळी ४९.६. कंट्रोलर कारखान्यातून लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगवर येतो, आणि त्यातली तापमान भरपाई चालू राहिली तर थंडीत तो एलएफपीला नको तेवढा व्होल्टेज देतो.

एसी सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावला, पण टेस्ट बटण वगळता तो उडेना. इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं असेल, म्हणजे न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेलं नसेल, तर गळतीच्या प्रवाहाला परतीचा रस्ताच नसतो. पहिल्या बिघाडात आरसीसीबी गप्प राहतो आणि दुसऱ्यात माणूस सापडतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असल्याची खात्री करून इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल-अर्थ जोड एकाच जागी दिला. त्यानंतर चाचणी रोधाने आरसीसीबी उडाला. पावसात ओल्या हाताने प्लग लावणाऱ्या माणसासाठी ही सगळ्यांत मोलाची जोडणी आहे.

२४ फेब्रुवारी — दोन चार्जर लावले की इन्व्हर्टर पडतो

दोन्ही चार्जर मिळून १९०० वॅट, इन्व्हर्टर २४०० वॅटचा. तरी ओव्हरलोड. मीटर लावून पाहिलं : एका चार्जरची खरी शक्ती ९५५ वॅट, पण प्रवाह ६.७ अँपिअर, म्हणजे १५४० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोहोंचं गुणोत्तर, ०.६२. स्वस्त चार्जरमध्ये आत फक्त ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर असतो. तो व्होल्टेजच्या शिखरापाशीच प्रवाहाचा घोट घेतो. दोन चार्जर मिळून ३०८० व्होल्ट-अँपिअर आणि वर शिखर प्रवाह, त्यामुळे ३ केव्हीएचा इन्व्हर्टर पडणारच.

उपाय : एलएफपी रिक्षेसाठी पॉवर फॅक्टर सुधारणा असलेला चार्जर घेतला (०.९७), आणि दुसरा चार्जर दहा मिनिटं उशिरा चालू होईल असा टायमर लावला. बेरीज २५२५ व्होल्ट-अँपिअरवर आली. चार्जरवर पॉवर फॅक्टर छापलेला नसेल तर तो ०.६ धरूनच इन्व्हर्टर निवडावा.

११ मार्च — काजळी

कारखान्याचं गाळप चालू असताना चिमणीतून बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख पडते. ती धुळीसारखी फुंकरीने उडत नाही. दवाने ओली झाली की काचेला चिकटते. तीन सारख्या स्ट्रिंग असल्याचा इथे फायदा झाला. एकच स्ट्रिंग धुतली आणि दुपारी बारा वाजता डीसी क्लॅम्प मीटरने तिन्ही मोजल्या. धुतलेली १०.९ अँपिअर, न धुतलेल्या ९.७ आणि ९.८. अकरा टक्के.

धुणं सूर्योदयाच्या आधी. दुपारी साठ अंशांवर गेलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी जड आहे, सुकलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते राखेपेक्षा चिवट असतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी, मऊ स्पंज, साबण नाही. गाळप हंगामात आठवड्याला, इतर वेळी पंधरवड्याला.

२ एप्रिल — ऊर्जा कुठे जाते

दुपारच्या चार्जिंगचा हिशेब, कंट्रोलरच्या आउटपुटपासून पुढे : ५.०० युनिट निघाले, इन्व्हर्टरनंतर ४.४५ राहिले, चार्जरनंतर रिक्षेच्या बॅटरीपर्यंत ३.८७ पोचले. तेवीस टक्के ऊर्जा दोन डब्यांच्या पंख्यांतून बाहेर गेली.

शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी ४० वॅट खातो. चोवीस तासांचं ०.९६ युनिट, म्हणजे तिन्ही सायकलींच्या रोजच्या खर्चाहून जास्त. आता तो साडेदहाला चालू होतो आणि कामापुरताच चालतो. सायकलीही दुपारीच लावायच्या. रात्री ८४ वॅटच्या एका चार्जरसाठी ३ केव्हीएचं यंत्र जागं ठेवण्यात अर्थ नाही. (मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग २५ किमीच्या आत असलेल्या या सायकलींना नोंदणी लागत नाही, म्हणून त्या कोणीही नेतं. वेळापत्रक पाळायचं ते यांचंच.)

१५ एप्रिल — थेट डीसी चार्जिंग

इन्व्हर्टर आणि चार्जर दोन्ही वगळून पॅनेल, एमपीपीटी, वाहनाची बॅटरी अशी सरळ वाट, फक्त एलएफपी रिक्षेसाठी. पॅक बनवणाऱ्या कंपनीकडून चार्ज व्होल्टेज, कमाल प्रवाह आणि या जोडणीला हरकत नसल्याचं लेखी घेतलं. हे कागद नसतील तर इथेच थांबावं. आजच्या बहुतेक ई-स्कूटरचा चार्जर बीएमएसशी (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटशी) कॅन बसवर (वाहनातल्या संदेशवाहिनीवर) बोलतो आणि संमती मिळाल्यावरच प्रवाह सोडतो. त्यांना बाहेरून डीसी देणं शक्य नाही आणि देऊही नये. अशा स्कूटरना इन्व्हर्टरची वाटच बरी.

एक स्ट्रिंग, म्हणजे १०८० वॅट, मुख्य कंट्रोलरपासून सोडवली आणि स्वतंत्र १५० व्होल्ट/३५ अँपिअरच्या कंट्रोलरवर घेतली. दुपारी १६ अँपिअरच्या आसपास मिळतात, मूळ चार्जरइतकेच.

सुटे भाग : ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, पायलट संपर्कांसह. १० स्क्वेअर एमएम लवचिक केबल, ३ मीटर. वाहनाच्या बाजूला ४० अँपिअर फ्यूज. ३३ ओहम १० वॅटचा रोध आणि पुश बटण, प्रीचार्जसाठी. डीसी एमसीबी पॅनेल बाजूला.

प्रीचार्ज कशासाठी : कंट्रोलरच्या आउटपुटला मोठे कपॅसिटर असतात. रिकाम्या कपॅसिटरला लिथियम बॅटरी जोडली की क्षणभर शेकडो अँपिअर वाहतात, कनेक्टरला खड्डे पडतात. बटण दोन सेकंद दाबून रोधातून आधी भरून घेतलं की ठिणगी पडत नाही.

पायलट संपर्क मुख्य संपर्कांहून आखूड असतात. ते शेवटी जुळतात आणि आधी सुटतात. ते कंट्रोलरच्या रिमोट ऑन-ऑफ टोकांना जोडले. चालकाने घाईत चालू प्लग ओढला तरी मुख्य संपर्क सुटण्याआधी कंट्रोलर थांबलेला असतो. चार्जिंग झाकणाचा स्विच रिक्षेच्या किल्लीच्या वायरीत मालिकेत घातला. झाकण उघडं असेल तर गाडी चालूच होत नाही.

सुरुवातीला ५६.८ व्होल्ट सेट केले तेव्हा दोन वाजता बीएमएसने चार्जिंग तोडलं. पॅक ५५.९ व्होल्टवर होता, पण एक सेल ३.६५ ला टेकली होती. बीएमएसने अचानक दार लावलं की कंट्रोलरचा वाहता प्रवाह कुठे जाईल? क्षणिक व्होल्टेज उसळी येते आणि ती पुन्हापुन्हा बसली तर बीएमएसचेच मॉस्फेट जातात. म्हणून सेटिंग ५५.२ वर आणलं (सेलला ३.४५). क्षमता दोन-तीन टक्के कमी भरते, पण सेल जुळवून घ्यायला बॅलन्सरला वेळ मिळतो आणि दार आपटत नाही.

कंट्रोलर ते वाहन ९८ टक्के. आधीच्या ७७ शी ताडून पाहिलं तर त्याच उन्हातून सव्वापटीहून थोडी जास्त ऊर्जा.

६ मे — उष्णता

पॅनेलच्या पाठीचं तापमान ६२ अंश. २५ वरच्या प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के, म्हणजे १३ टक्के शक्ती कमी. मे महिन्यात ऊन सर्वाधिक असूनही मार्चपेक्षा फार जास्त मिळत नाही ते यामुळे. पॅनेलखाली हवा खेळती राहणं एवढाच उपाय. पत्र्याला चिकटवून लावलेल्या पॅनेलचं नुकसान याहून जास्त होतं.

दहाला परतलेल्या रिक्षेचा पॅक ४६ अंशांवर होता. एलएफपीला ४५ च्या वर चार्ज करू नये. पॅकचं झाकण उघडून, गाडी शेडखाली अर्धा तास उभी करून मगच जोडायची. सीटखालच्या खोक्याला समोरासमोर जाळीची भोकं पाडली, ४३ च्या वर जाणं थांबलं.

२७ मे — अवकाळी नव्हे, मान्सूनच

यंदा मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला आणि त्याच सुमारास बारामती-इंदापूर भागात अतिवृष्टी झाली. पावसाळ्यापूर्वीची तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी ठेवलेली होती, ती पाण्यातच करावी लागली.

पाया : सांगाड्याचे दोन्ही कर्ण पुन्हा मोजले, फरक २ मिमीच्या आत. ठोकळ्यांच्या कडेची फट मुरूम घालून ठोकून घेतली.

विद्युत रोधन : कंट्रोलर आणि एसपीडी दोन्ही सोडवून ५०० व्होल्ट मेगरने प्रत्येक स्ट्रिंग अर्थशी तपासली. (कंट्रोलर न सोडवता मेगर लावला तर तो तिथेच संपतो.) दोन स्ट्रिंग २० मेगओहमच्या वर, तिसरी ०.४. किमान १ हवा. फ्रेमच्या कडेवरून वळलेली वायर वाऱ्याने घासून आवरण उडालं होतं. कोरड्या दिवशी हे दिसलं नसतं. वायर बदलली, सगळीकडे यूव्ही टिकणाऱ्या क्लिपा लावल्या आणि लोंबते एमसी-४ वर उचलून बांधले. डीबीच्या वरच्या बाजूने घेतलेले ग्लँड बंद करून वायरी खालून, थेंब गळेल असा झोल देऊन घेतल्या.

१० जून — लेड-अ‍ॅसिडची उपासमार

प्रवासी रिक्षेची धाव घटत होती. हायड्रोमीटरने बॅटरीतल्या द्रावाचं विशिष्ट गुरुत्व १.२१० ते १.२२०, एका सेलमध्ये १.१८०. पूर्ण भरलेल्या बॅटरीत १.२६० ते १.२८० हवं.

पाणी किंवा प्लेटा यांचा हा दोष नाही, खरं कारण उन्हाच्या वेळापत्रकात आहे. लेड-अ‍ॅसिड ८० टक्क्यांपर्यंत झटपट भरते, पण शेवटच्या २० टक्क्यांना ५७.६ व्होल्टवर तीन-चार तास उतरत्या प्रवाहाने धरून ठेवावं लागतं. ४० अंश हवेत भरपाईमुळे तो व्होल्टेज दीड व्होल्टने खाली येतो, पण वेळ लागायचा तो लागतोच. दुपारच्या थांब्यात ती ८५-९० टक्क्यांवर पोचते आणि तीनला निघून जाते. रोज शेवटचा टप्पा राहिला की प्लेटांवरचं लेड सल्फेट मऊ स्फटिकांतून कडक होतं आणि परत विरघळत नाही. सौर चार्जिंगने लेड-अ‍ॅसिड लवकर मरते अशी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुधा हेच असतं.

तात्पुरता उपाय : आठवड्यातून एका रात्री ग्रीडवर शेवटच्या टप्प्याचं पूर्ण अ‍ॅब्सॉर्प्शन आणि त्यानंतर दोन तास इक्वलायझेशन, झाकणं सैल, खोली उघडी, जवळ ज्योत नाही, मग डिस्टिल्ड वॉटर. तीन फेऱ्यांनंतर बहुतेक सेल १.२५० वर आल्या, १.१८० वाली १.२१० च्या पुढे सरकली नाही.

एलएफपीला उलट अर्धवट भरणं मानवतं. दुपारी भरून निघून जाणाऱ्या वाहनाला तीच जात योग्य.

८ जुलै — प्रवासी रिक्षेला एलएफपी

बॅटरी बदलणं ही वाहनाच्या मंजुरीशी जोडलेली गोष्ट आहे, कारण टाइप अप्रूव्हल बॅटरीसकट होतं. म्हणून वाहन कंपनीच्याच अधिकृत वाटेने, एआयएस-१५६ (बॅटरी सुरक्षेचं मानक) प्रमाणित पॅक बसवला, कागद परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे दिले. प्रमाण नसलेला सुटा पॅक अपघातात विमा घालवतो, आणि प्रवासी सीटखाली काय ठेवलंय याची जबाबदारी चालकावर येते.

जुना चार्जर पूर्ण बाजूला केला. त्यातला 'डीसल्फेशन' टप्पा एलएफपीला घातक. मोटर कंट्रोलरची कमी-व्होल्टेज मर्यादा ४२ वरून ४७ वर घेतली. बॅटरी मीटरही बदलावा लागतो. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, जुना व्होल्टेजवर चालणारा काटा शेवटपर्यंत भरलेलं दाखवतो आणि गाडी वाटेत उभी राहते. शंटवर अँपिअर-तास मोजणारा मीटर लावला.

सत्तर-ऐंशी किलो उतरल्याने मागच्या टायरचा दाब कमी करून घेतला. सॉकेटवरचा रोजचा खर्च ५.१ वरून ३.६ युनिटवर आला. पावसाळ्यात एवढी बचत आणखी एक पॅनेल लावूनही झाली नसती.

२ ऑगस्ट — ढगाळ दिवसांचा नियम

जुलैत दिवसाची सरासरी ७.८ युनिट, एप्रिलमध्ये १४.४. झड लागलेल्या दिवशी ३ च्याही खाली. अशा दिवशी साठवण बॅटरी पिळून काढण्यापेक्षा ग्रीड वापरणं शहाणपणाचं. तोडून मग जोडणारा दोन-ध्रुवी चेंजओव्हर बसवला. ग्रीड आणि इन्व्हर्टरचे न्यूट्रल कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

फळ्यावर नियम लिहिला : अकराला कंट्रोलरच्या पडद्यावर ८०० वॅटच्या वर असेल तर दोन्ही रिक्षा सौरवर. ४०० ते ८०० असेल तर थेट डीसीवाली सौरवर, दुसरी ग्रीडवर. खाली असेल तर दोन्ही ग्रीडवर आणि सायकली साठवण बॅटरीवर. विजांचा कडकडाट सुरू झाला की पॅनेलचा एमसीबी पाडायचा, वाहनं सोडवायची.

एक निरीक्षण : विरळ ढगांच्या कडेतून ऊन फुटतं तेव्हा काही सेकंद स्ट्रिंगचा प्रवाह छापील १३ च्या वर, १४.६ पर्यंत गेला. ढगाच्या कडेतून विखुरलेलं ऊन सरळ उन्हात मिळतं म्हणून. फ्यूज २० चे असल्याने टिकले. १५ चे असते तर प्रवाह त्यांच्या अगदी काठावर गेला असता.

ग्रीड जिथे भरवशाची आहे आणि नेट मीटरिंग (ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होणं) मिळतं तिथे साठवण बॅटरी न घेता ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लावून दुपारी चार्ज करणं जास्त सोपं. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (३ किलोवॅट आणि त्यापुढे कमाल ७८,००० रुपये) घरगुती जोडणीलाच आहे, या शेडला नाही. घरी स्कूटर असलेल्याने मात्र तीच वाट धरावी.

१९ ऑगस्ट — पुढची कामं

दुसऱ्या रिक्षेलाही थेट डीसी : पॅक कंपनीचं पत्र आलं की दुसरी स्ट्रिंग सोडवायची. मग मुख्य कंट्रोलरवर एकच स्ट्रिंग उरेल, ती सायकलींना आणि दिव्यांना पुरते.

अँडरसन कनेक्टरचे संपर्क तपासले. चार्जिंग चालू असताना बाहेरून ४१ अंश, हवा २९. संपर्कावर हलका काळपटपणा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. तापमान हवेपेक्षा २५ अंशांनी वर गेलं की संपर्क बदलायचे.

गाळप सुरू होण्याआधी शेडच्या वरच्या कडेला धुण्यासाठी पाइप आणि पावसाच्या पाण्याची ५०० लिटरची टाकी. सहा पॅनेलला एका वेळी तीस ते चाळीस लिटर लागतं, म्हणजे एका भरण्यात निदान बारा आठवडे निघतात.